लाटेवर पालथं पडण्याचा इतिहास

सांताक्रूझच्या समुद्रात एक न लिहिलेली उतरंड आहे. (कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ हो. मुंबईतल्या सांताक्रूझला लाटा येतात त्या पावसाळ्यात, आणि त्याही रस्त्यावर.) सगळ्यात वर फायबरग्लासच्या फळीवर उभे राहणारे सर्फर. त्यांच्यातही पुन्हा आखूड फळीवाले आणि लांब फळीवाले अशी भाऊबंदकी आहे, पण ती त्यांची त्यांनी निस्तरावी. सगळ्यात खाली आम्ही. छातीखाली फोमचा साडेतीन फुटी तुकडा घेऊन पालथे पडलेले बॉडीबोर्डर. आम्हाला पाण्यात 'स्पंजर' म्हणतात. लहान मुलांचं खेळणं घेऊन मोठ्यांच्या पंगतीत बसलेल्या माणसाकडे जसं बघतील, तसं आमच्याकडे बघतात.

ऑफिसातली नवीन मंडळी मला नेहमी दोनच प्रश्न विचारतात. बोर्ड कुठला घेऊ, आणि जाऊ कुठे? उत्तर द्यायला खरं तर दहा ओळी पुरतील. पण त्या दहा ओळींतल्या प्रत्येकीमागे कुणाचं ना कुणाचं डोकं चाललेलं आहे, कुणाचा तरी डोळासुद्धा गेलेला आहे. आणि ते सगळं शोधत गेलं की वरची उतरंड चक्क उलटी होते. म्हणून आजचा निबंध जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात १७७९ पासून. कॅप्टन कुकची जहाजं हवाईच्या मोठ्या बेटावर, केआलाकेकुआच्या उपसागरात नांगरलेली होती. तिथल्या लोकांचा लाटांवरचा खेळ कुकच्या एका अधिकाऱ्यानं, लेफ्टनंट जेम्स किंगनं, आपल्या रोजनिशीत तपशिलानं लिहून ठेवला. (कुक त्याच उपसागराच्या काठावर १४ फेब्रुवारी १७७९ ला मारला गेला. अधिकृत प्रवासवर्णनाचा शेवटचा खंड त्यामुळे किंगलाच लिहावा लागला.) सर्फिंगच्या इतिहासावरच्या पुस्तकांतून या नोंदीचा उल्लेख हमखास असतो. पण किंगनं नेमकं काय पाहिलं? लोक लंबगोल फळीवर सपाट पडतात, पाय जुळवून फळीवर ठेवतात आणि हातांनी दिशा देतात. म्हणजे युरोपियन माणसानं सविस्तर वर्णन केलेला पहिला हवाईयन सर्फर हा पालथा पडलेला होता. आमच्यापैकीच!

हवाईत फळ्यांचे प्रकार होते. 'ओलो' म्हणजे प्रचंड लांब आणि जड, ती सरदार-राजेलोकांची. 'अलाया' मध्यम. आणि 'पाइपो' म्हणजे आखूड, पातळ, पुढून गोल, मुख्यतः पोटावर पडून चालवायची. पोरंटोरं तीच घेऊन समुद्रात उतरायची. ही फळी कुठल्याही घरात असायची, आणि जी सगळ्यांकडे असते तिला प्रतिष्ठा नसते. हे आपल्याला नवीन नाही.

पुढचा भाग वाईट आहे. बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईयन लोक पटापट मेले. १८९० च्या शिरगणतीत मूळ हवाईयन, मिश्र वंशाचे धरूनही, ४० हजारांच्या आसपासच उरले होते. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना हा उघड्या अंगाचा खेळ पसंत नव्हता. पण माणसंच उरली नाहीत तर खेळणार कोण? मिशनऱ्यांची नापसंती हे दुसरं कारण, पहिलं कारण देवी-गोवरासारखे रोग, असं माझं मत.

त्या पडत्या काळातच खेळ अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आला, आणि तोही आमच्या सांताक्रूझला. १८८५ साली हवाईच्या राजघराण्यातले तीन तरुण भाऊ सॅन मटेओला सैनिकी शाळेत शिकत होते. सुट्टीत ते सांताक्रूझला आले, तिथल्या रेडवूडच्या जाड फळ्या कापून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. त्यांच्यातला एक, जोना कुहिओ, पुढे १९०३ पासून वॉशिंग्टनला हवाईचा प्रतिनिधी होता. दीपगृहाच्या इमारतीत इथलं छोटंसं सर्फिंग म्युझियम आहे, तिथे ही गोष्ट सांगितलेली आहे. राजपुत्र आले ते ओलोसारख्या लांब फळ्या घेऊन. पाइपो सोबत आली नाही. मला वाटतं उतरंडीची सुरुवात इथेच कुठेतरी झाली असावी. सर्फिंग म्हणजे मोठी फळी, सर्फिंग म्हणजे उभं राहणं.

आता उडी मारू थेट १९७१ वर.

टॉम मोरी हा आपल्या जातकुळीतला माणूस. गणिताचा पदवीधर, डग्लस एअरक्राफ्टमध्ये काँपोझिट मटेरियलवर काम केलेला, फावल्या वेळात जॅझ ड्रम वाजवणारा. नोकरी सोडून तो कॅलिफोर्नियात व्हेंचुराला सर्फबोर्ड करायला लागला. डोक्यात सतत नवीन काहीतरी. तीन तुकड्यांत सुटून सुटकेसमध्ये मावणारा बोर्ड त्यानं काढला, तळाचे पंख काढता-घालता येतील अशी सोय काढली. १९६५ साली त्यानं भरवलेली स्पर्धा ही रोख बक्षिसाची पहिली सर्फिंग स्पर्धा मानतात. धंदा मात्र धड चालला नाही. तो हवाईला, मोठ्या बेटावरच्या कोना किनाऱ्यावर राहायला गेला.

७ जुलै १९७१. मोरीकडे पॉलीइथिलीन फोमचा ९ फुटी तुकडा होता. त्यानं तो मधोमध कापला, स्वयंपाकघरातली मांस कापायची इलेक्ट्रिक सुरी घेऊन आकार दिला. आता कापलेला फोम खडबडीत राहतो आणि पाणी धरतो. त्यावर उपाय म्हणजे कपड्यांची इस्त्री. इस्त्री फोमला चिकटू नये म्हणून मधे 'होनोलुलू ॲडव्हर्टायझर' या पेपरची पानं. पेपरची शाई फोमवर उमटली, म्हणजे जगातल्या पहिल्या आधुनिक बॉडीबोर्डवर त्या दिवसाच्या बातम्या छापलेल्या होत्या. ते घेऊन तो होनल्स नावाच्या जागी पाण्यात उतरला. किंगनं जिथे पालथे पडलेले हवाईयन पाहिले, ते केआलाकेकुआ तिथून वीसेक किलोमीटरवर. जवळजवळ दोनशे वर्षांनी, त्याच किनाऱ्यावर!

मोरीनं शोध लावला असं म्हणवत नाही. पाइपो होतीच, आणि हवाईत तेव्हाही लोक प्लायवूडच्या पाइपो चालवत होते. मोरीनं बदललं ते मटेरियल. लाकूड किंवा फायबरग्लासची फळी लाटेनं उचलून आपटली की दात पडतात, डोकं फुटतं. मऊ फोम तसं करत नाही. दुसरं म्हणजे फोम लवतो. कठीण बोर्डवर लाट नीट जाणवत नाही, यावर तिचा प्रत्येक बारकावा अंगाला कळतो, असं मोरी नंतर सांगत असे. आणि तिसरं, स्वस्त. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर त्यानं फीचर वाढवले नाहीत, कमी केले.

नाव आधी 'स्नेक' ठेवलं होतं, मग संगीतावरून 'बूगी'. सुरुवातीला मासिकात जाहिरात देऊन टपालानं विक्री चालायची. १९७७ पर्यंत वर्षाला ८० हजार बोर्ड खपत होते. मोरीनं लवकरच कंपनी क्रॅन्स्को नावाच्या खेळणी कंपनीला विकली, आणि १९९४ मध्ये ती मॅटेलच्या, म्हणजे बार्बीवाल्यांच्या, पदरात पडली. बूगी बोर्ड दुकानात फ्रिस्बी आणि हुलाहूपच्या शेजारी लटकायला लागला. 'खेळणं' हा शिक्का अधिक पक्का झाला तो इथे. वस्तूत काही बदललं नव्हतं, फक्त फडताळ बदललं! मोरी स्वतः पुढे बोइंगमध्ये नोकरीला लागला, आणि २०२१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी वारला.

तर आता पहिला प्रश्न. बोर्ड कुठला?

सुपरमार्केटात कापडी कव्हरचा, आत थर्माकोलसारखा पांढरा दाणेदार फोम असलेला बोर्ड मिळतो, तो विसरा. एका दुकानात विक्रेता मला तो 'सुरुवातीला पुरे' म्हणून गळ्यात मारत होता. तसले बोर्ड जरा जोराच्या लाटेत मधोमध मोडतात, आणि त्यांचे पांढरे दाणे महिनोन्‌महिने वाळूत सापडतात. खरे पर्याय दोन. मोरीचा तो पॉलीइथिलीन, म्हणजे पीई, आणि नंतर आलेला पॉलीप्रोपिलीन, म्हणजे पीपी. पीई मुळात मऊ. थंड पाण्यात तो आखडतो आणि बरोब्बर हवा तेवढा कडक होतो. सांताक्रूझचं पाणी वर्षभर साधारण ११ ते १५ अंश, तिथे पीई उत्तम. तोच बोर्ड गोव्याच्या २८ अंशांच्या पाण्यात नेलात तर शिळ्या चपातीसारखा लोंबतो. तिथे पीपी. तेव्हा 'चांगला बोर्ड कुठला' याचं उत्तर पाण्याचं तापमान विचारल्याशिवाय देता येत नाही. दुकानदारानं तो प्रश्न विचारला नाही तर दुकान बदला.

उंचीचं गणित सोपं. बोर्ड जमिनीवर उभा करा, टोक बेंबीच्या आसपास आलं पाहिजे. मध्यम बांध्याच्या माणसाला ४१-४२ इंच. वजन जास्त असेल (आपल्या धंद्यात असतंच) तर इंचभर मोठा. तळाला गुळगुळीत कडक प्लास्टिकचा थर हवा, आत कार्बनची एखादी दांडी असेल तर बोर्डाला कायमचा बाक येत नाही. शेपटीचे आकार, तळाच्या पन्हळी वगैरे चर्चा पहिली दोन वर्षं करू नये. आणि उन्हात तापलेल्या गाडीत बोर्ड ठेवू नका, थर सुटतात.

पण बोर्डापेक्षा महत्त्वाचे फिन्स, हे कुणी सांगत नाही. पायात फिन्स नसतील तर तुम्ही बॉडीबोर्डर नाही, तरंगणारं सामान आहात. लाट पकडायला वेग लागतो तो पायांनीच मिळतो, आणि अडचणीतून बाहेर पडायलाही तेच इंजिन. त्यांची कुळकथाही मजेदार आहे. १९३३ साली लुई द कोर्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं रबरी फिन्सचं पेटंट घेतलं. ओवेन चर्चिल हा अमेरिकन, १९३२ च्या ऑलिंपिकमधला शिडाच्या शर्यतीचा सुवर्णपदकवाला. त्यानं ताहितीतल्या पोरांना पायाला झावळ्यांची, डांबरानं घट्ट केलेली वल्ही बांधून पोहताना पाहिलं असं सांगतात. त्यानं कोर्लियूकडून परवाना घेऊन १९४० मध्ये फिन्स विकायला काढले. पहिल्या वर्षी हजार जोड्यासुद्धा खपल्या नाहीत. मग युद्ध आलं आणि नौदलाच्या पाणबुड्यांना ते हवेसे झाले. फिन्स घेताना मऊ रबराचे, टाचेला न काचणारे घ्या, आणि घोट्याला बांधायची दोरी विसरू नका. लाट एक फिन घेऊन गेली तर एका वल्ह्याची होडी होते तुमची.

दंडाला किंवा मनगटाला बांधायची लीश, तिचा इतिहास रक्ताचा आहे. वेटसूटवाले जॅक ओनील सांताक्रूझचेच. त्यांच्या मुलानं, पॅटनं, १९७१ च्या सुमाराला सर्जिकल रबरी नळीनं बोर्ड बांधून ठेवायची युक्ती लोकांपुढे आणली. तेव्हा लोक हसले. त्याच वर्षी अशाच रबरी दोरीनं ताणून परत आलेल्या बोर्डनं जॅकचा डावा डोळा गेला. त्यांचा काळ्या पट्टीचा दाढीवाला फोटो तुम्ही कपड्यांवर पाहिला असेल, त्या पट्टीमागची ही गोष्ट. आजची लीश गुंडाळलेल्या वायरसारखी असते, ती रबरासारखी सटकन परत येत नाही. जुनी, चिरा पडलेली लीश घेऊन पाण्यात जाऊ नका. बोर्ड सुटला तर तो मागच्याच्या तोंडावर जातो, आणि तुम्ही बोर्डाशिवाय राहता.

दुसरा प्रश्न, जाऊ कुठे? इथे इतिहास जास्त रंगतदार आहे.

१९४२ साली दोस्त राष्ट्रांना उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं. वॉल्टर मंक हा पंचविशीतला तरुण शास्त्रज्ञ. त्याच्या लक्षात आलं की सरावाच्या वेळी लाटा पाच फुटांच्या वर गेल्या की होड्या आडव्या होतात आणि सराव थांबवतात. आणि आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटा बऱ्याचदा त्याहून मोठ्या! मंक आणि त्याचा गुरू हाराल्ड स्वेर्ड्रप यांनी वारा किती, किती तास, किती लांबवर वाहिला यावरून लाटेचा अंदाज काढायची रीत बसवली. पुढे ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या उतरणीसाठीही ती वापरली गेली. १९६३ साली मंकनं न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रं लावून दाखवून दिलं की अंटार्क्टिकाजवळच्या वादळातली लाट अख्खा प्रशांत महासागर ओलांडून जाते. आज तुम्ही फोनवर जो सर्फचा अंदाज बघता, त्याचं मूळ या युद्धकाळातल्या आकडेमोडीत आहे. १९८५ साली सर्फलाइननं तो कॅलिफोर्नियात फोनवरून विकायला सुरुवात केली.

आकडेमोड करणाऱ्यांसाठी एक सोपं सूत्र. दोन लाटांमधल्या सेकंदांना, म्हणजे पिरियडला, दीडनं गुणा. तो खोल समुद्रातल्या लाटांच्या समूहाचा वेग, नॉटमध्ये. १५ सेकंदांच्या लाटा साडेबावीस नॉटनं जातात, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. पाच हजार किलोमीटरवर सोमवारी वादळ झालं तर लाटा शनिवारी तुमच्या दारात. अमेरिकन सरकारचे तरंगते बोये दर तासाला आकडे फुकट देतात, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. पार्स करायला दहा ओळींचा कोड. अंदाजातली उंची सगळे बघतात, तुम्ही पिरियड बघा. तीन फूट ७ सेकंद म्हणजे खळखळाट, तीन फूट १६ सेकंद म्हणजे काठावर येईपर्यंत छातीच्या वर उठणारी जाड भिंत.

मग लाट फुटणार कशी, ते तळ ठरवतो. उभ्या सर्फरला लांब, हळू सोलत जाणारी लाट हवी. त्याला उठून उभं राहायला सेकंद-दोन सेकंद लागतात. आम्हाला उठायचंच नाही! त्यामुळे एकदम उथळ होणाऱ्या तळावर उभी राहून धाडकन पडणारी, आतून पोकळ लाट आम्हाला चालते. न्यूपोर्ट बीचची 'वेज' घ्या. बंदराच्या धक्क्यावर आपटून परतलेली लाट पुढच्या लाटेत मिसळते आणि दुप्पट होते. तिथे तर विना-फळी पोहणाऱ्यांनी १९९३ मध्ये नियम करून घेतला, मे ते ऑक्टोबर दिवसा कुठलाच बोर्ड नाही. उतरंड तिथेही आहे, फक्त वरच्या पायरीवर फळीच नसलेले लोक आहेत.

आणि हे पालथे लोक कुठे कुठे पोचले ते बघा. १९८२ मध्ये पाइपलाइनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, हवाईचा डॅनियल काइमी जिंकला. पुढे नऊ वेळा विश्वविजेता झालेला माइक स्टुअर्ट आणि बेन सेव्हरसन, दोघेही बॉडीबोर्डर, १९८६ मध्ये ताहितीतल्या तेआहुपोला उतरले. खोल समुद्रातून एकदम प्रवाळावर चढणारी ती लाट तेव्हा फार तर काही स्थानिकांनी अनुभवलेली होती. उभ्या सर्फरांच्या जगात तिचं नाव व्हायला आणखी दहाएक वर्षं गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग तिथेच झालं. बॉडीबोर्डिंग मात्र ऑलिंपिकमध्ये नाही.

पोर्तुगालचं नाझारे तर सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलंय, दीपगृहापलीकडे उठणारा पाण्याचा डोंगर. किनाऱ्यालगत दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीची, टोकाला पाच हजार मीटरपर्यंत खोल गेलेली समुद्राखालची घळ आहे. घळीवरची लाट वेगात राहते, बाजूची उथळात मंदावते, आणि दोन्ही वळून एकमेकींवर चढतात. गावचा दिनो काझिमिरो हा बॉडीबोर्डर. तो आणि त्याचे साथीदार प्राया दो नोर्तेच्या लाटा कधीपासून ओळखून होते. २००५ मध्ये त्यानं गॅरेट मॅकनमाराला फोटोंसकट ईमेल पाठवलं. मॅकनमारा २०१० मध्ये आला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये ७८ फुटी लाटेचा विक्रम त्याच्या नावावर लागला. जग म्हणालं, मॅकनमारानं नाझारे शोधलं. बरं!

तुम्ही अर्थातच नाझारेला जाणार नाही. वाळूचा तळ, कमरेएवढी लाट, जीवरक्षक असलेला किनारा, एवढं पुरे. पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं नुसते काठावर उभे राहा. लाटांनी आत ढकललेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. जिथून जातं तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस नेमका त्याच 'शांत' जागी उतरतो. ही ओढ आहे. तीत सापडलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर फिन्स मारत बाजूला व्हा.

सुट्टीत घरी जाणाऱ्यांसाठी. जून ते सप्टेंबर कोकण-गोव्याच्या समुद्रात उतरायचं नाही, विषय संपला. तो जवळच्या मान्सून वाऱ्यानं घुसळलेला समुद्र आहे, त्याला लय नसते, ओढ मात्र भयंकर असते. ऑक्टोबर ते मे मोरजी, आश्वे, हरमल इथे लहान, वाळूवर फुटणाऱ्या लाटा मिळतात, शिकायला मस्त. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था आपल्या किनाऱ्यासाठी लाटांचा अंदाज देते, पिरियडसकट. एप्रिल-मेमध्ये तिच्याकडून उंच लाटांचा इशारा आला तर मनावर घ्या. वारा नसताना, निरभ्र दिवशी दक्षिण महासागरातून येणारी ती लाट आहे, केरळात तिला 'कळ्ळक्कडल', म्हणजे चोर समुद्र, म्हणतात.

आणि हो, ४१ इंची बोर्ड नेहमीच्या चेक-इन बॅगेत मावत नाही. मोरीची ती सुटकेसमध्ये मावणारी तीन तुकड्यांची आयडिया फोमच्या बोर्डाला अजून तरी कुणी लावलेली मी पाहिली नाही. तोवर फिन्स बॅगेत टाका, बोर्ड तिथेच बघा.